वनराई बंधारा शाळेतल्या मुलांसोबत: जागा, पोती, मोजमापं आणि मे महिन्यातली आवराआवर

वहाळकाठ

दिवाळीची सुट्टी संपली की कोकणातल्या बऱ्याच शाळांत वनराई बंधाऱ्याचं श्रमदान निघतं, म्हणजे वहाळात (ओढ्यात) भरलेली पोती रचून घातलेला तात्पुरता बंधारा. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव रुळलं आणि आता ग्रामपंचायतींना उद्दिष्टच ठरवून दिलेलं असतं. प्रत्यक्षात होतं असं की सकाळी पोती भरली, दुपारी फोटो निघाला, आणि नंतर जूनमध्ये पुराबरोबर सगळं वाहून जाईपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. मुलं त्यातून शिकतात ते एवढंच की पोतं जड असतं.

बंधाऱ्याआधी काय मोजायचं, बांधताना काय चुकतं आणि नंतर कोणती वही ठेवायची, हे एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. सहावी ते दहावी डोळ्यांसमोर धरली आहे. नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आहेच, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत. म्हणजे तास कुठून काढायचे हा प्रश्न तसा सुटण्यासारखा आहे.

वेळ. परतीचा पाऊस पूर्ण थांबू द्या. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घाईने बांधलेला बंधारा संध्याकाळच्या एका वळवासारख्या सरीत जातो. उलट डिसेंबर उजाडला की बऱ्याच पऱ्यांचं (छोट्या ओढ्यांचं) पाणी करंगळीएवढं झालेलं असतं, अडवायला काही उरत नाही. वहाळ वाहता आहे पण घोट्याच्या वर पाणी नाही, ही योग्य वेळ. साधारण नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा.

जागा. वहाळ जिथे अरुंद होतो आणि त्याच्या वरच्या अंगाला पसरट असतो, ती. दोन्ही काठ बंधाऱ्यापेक्षा निदान अर्धा मीटर उंच हवेत. मुख्य गोष्ट तळाचा उतार. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळीची लेव्हल घ्या, २० मीटरची. पाणी भरताना नळीत बुडबुडा राहिला तर सगळी मोजणी फुकट जाते. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीला येतंय का पाहायचं, मग निघायचं. दर १० मीटरला तळ किती चढला ते मुलांनी लिहायचं. १० मीटरला २० सेंमी चढ, म्हणजे ५० ला १. तिथे १ मीटर उंचीच्या बंधाऱ्यामागे पाणी ५० मीटर मागे जातं. उतार १० ला १ असेल तर जेमतेम १० मीटर. तेवढ्यासाठी शंभर-दोनशे पोती भरू नयेत.

साठा. ५ मीटर रुंद, ५० मीटर लांब, १ मीटर उंच. पाणी पाचरीच्या आकारात साठतं, म्हणून गुणाकाराच्या निम्मं: १२५ घनमीटर, म्हणजे सव्वा लाख लिटर. आठवीच्या मुलांना हे फळ्यावर नको, वहाळात उभं राहून काढायला लावा.

प्रवाह. ५ मीटरचा सरळ तुकडा निवडा, दोन दोऱ्या आडव्या बांधा, लिंबू सोडा. (करवंटी नको, वाऱ्याने पळते. लिंबू बहुतेक पाण्यात बुडालेलं असतं.) समजा २० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला २५ सेंमी. पाण्याची रुंदी ६० सेंमी, सरासरी खोली ५ सेंमी. गुणाकार ७.५ लिटर येतो. पण लिंबू वरच्या वेगवान पाण्यात असतं, तळाशी दगडांत पाणी अडखळतं, म्हणून खडकाळ वहाळात ०.७ ने गुणायचं. सेकंदाला सव्वापाच लिटर. पाच वेळा सोडा, सर्वात जास्त आणि सर्वात कमी आकडा टाकून उरलेल्यांची सरासरी घ्या.

आता भागाकार करा. या वेगाने सव्वा लाख लिटर भरायला साडेसहा तास लागतात. मुलांना इथे प्रश्न पडतो, आणि पडायलाच हवा: एवढं सगळं करून वहाळाचं साडेसहा तासांचंच पाणी अडवलं? मग बंधाऱ्याचा उपयोग काय? उत्तर विहिरींच्या वहीत आहे. त्यावर पुढच्या प्रतिसादात लिहितो.

---

सुतळी_दाभण

चांगला धागा. पोत्यांचा हिशोब देतो, कारण बहुतेक ठिकाणी पोती कमी पडतात आणि वरचे थर नुसत्या मातीचे होतात.

सिमेंटचं ५० किलोचं पोतं दोन-तृतीयांश भरून आडवं टाकलं, थोपटलं, की साधारण ६० बाय ४० सेंमी आणि जाडी १५ सेंमी भरते. लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवायची. ५ मीटर रुंदीला एका ओळीत १३ पोती. खालचे दोन थर तीन ओळींचे, मधले तीन थर दोन ओळींचे, वरचे दोन थर एका ओळीचे. एकूण १४ ओळी, १८२ पोती. काठात घुसवायला आणि फाटणारी धरून २०० आणा. उंची १ मीटर ५ सेंमी होते.

वाळू एका पोत्यात सुमारे २३ लिटर, २०० पोत्यांना ४.६ घनमीटर, म्हणजे १.६ ब्रास. वजन सात टनांच्या वर. घमेलं निम्मं भरलं तर साडेसहा किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास ११५० घमेली. ४० मुलांत वाटली तर डोई २८-२९. एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका, दोन दिवस ठेवा.

भरलेलं पोतं ३५ किलोच्या पुढे जातं. मुलांनी भरलेलं पोतं उचलायचं नाही. रिकामं पोतं जागेवर अंथरायचं, दोघांनी तोंड धरायचं, साखळीतून घमेली यायची, भरलं की मोठ्या माणसाने थोपटून सरकवायचं. असं केलं की पाचवीचं पोरही कामाचं असतं.

तोंड शिवायचं की दुमडायचं यावर वाद होतात. दाभण-सुतळीने शिवणं मजबूत, पण ताग पाण्यात कुजतो, नायलॉन दोरा वहाळात राहतो, आणि २०० पोती शिवायला अख्खा दिवस जातो. माझं मत दुमडण्याच्या बाजूने. वीतभर तोंड खाली दुमडा आणि दुमडलेली बाजू वरच्या अंगाला, पाण्याकडे ठेवा. खालच्या अंगाला ठेवली की झिरपणाऱ्या पाण्याबरोबर वाळू गळते आणि महिन्याभरात पोतं रिकाम्या पिशवीसारखं लोळागोळा होतं.

थर टाकताना सांधेमोड विसरायची नाही. खालच्या दोन पोत्यांच्या फटीवर वरच्याचं पोट आलं पाहिजे. भिंतीत चिरे लावतात तसंच. मुलांना शाळेची भिंत दाखवा, परत सांगावं लागत नाही.

---

टाचणी

पोती कुठली, हे आधी ठरवा. सिमेंटच्या पोत्यांत पूड राहिलेली असते. ती वहाळात धुतली तर पाणी एकदम अल्कधर्मी होतं, मासे आणि अळ्या मरतात, मुलांच्या हातांना चरे पडतात. वहाळापासून लांब कोरडी झटकायची, मोठ्या माणसाने, नाका-तोंडाला फडकं बांधून. खताच्या पोत्यातलं आतलं पातळ प्लास्टिक काढून टाका, नाहीतर पोतं घसरतं. कीटकनाशकाशी संबंध आलेलं काहीच नको. सर्वात स्वच्छ म्हणजे तांदळाची पोती. शाळेत पोषण आहाराची असतात, पण त्या बारदानाचा हिशोब ठेवावा लागतो, मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि तांदळाचं पोतं मोठं असतं, निम्म्याहून कमीच भरा.

खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ही सगळी पोती विणलेल्या प्लास्टिकची. दोन-तीन महिने ऊन लागलं की त्यांचे धागे सुटायला लागतात. जूनच्या पहिल्या पुरात २०० पोत्यांचे तुकडे खाली भातखाचरांत, पुढे खाडीत. पर्यावरणाच्या तासात हे करायचं आणि "प्लास्टिक टाळा"चं चित्र रंगवायला द्यायचं, हे मुलांच्या लक्षात येत नाही असं समजू नका.

---

जांभादगड

+१. म्हणूनच म्हणतो, पोती नकोतच. दगड-मातीचा कच्चा बंधारा घाला, आधी तसेच घालायचे. दोन बाजूंना दगड, मध्ये चिकण माती, वर झावळ्या.

---

टाचणी

जांभादगड दादा, दगड आणणार कुठून? वहाळातलेच उचलणार. त्या दगडांच्या खालीच चतुर-टाचण्यांच्या अळ्या, खेकडे, माशांची अंडी असतात. शंभर दगड उचलले की पन्नास मीटर वहाळ उघडा झाला. शिवाय कोकणात मुलांनी दगडाखाली हात घालायचा म्हणजे फुरशाला आमंत्रण. शेताच्या बांधावरचा पडलेला गडगा (दगडी कुंपण) मिळाला, मालकाने हो म्हटलं, तर कच्चा बंधारा उत्तमच. नसेल तर पोती वापरा, पण तीन अटींवर:

वरचे दोन थर आणि खालच्या अंगाच्या पायऱ्या माती आणि पालापाचोळ्याने झाका, म्हणजे ऊन लागत नाही. पाण्याखालचं पोतं बरंच टिकतं.

पोती मोजून आत घाला आणि मोजून बाहेर काढा. वहीत "घातली २००" असेल तर "काढली" पुढे आकडा लिहायचा, कमी भरलेली कुठे गेली ते शोधायचं.

जूनच्या आधी बंधारा मोकळा करा. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जातात. मध्ये मीटरभर भिंत उभी असेल तर ते तिथेच अडकतात.

---

वहाळकाठ

टाचणी ताई, चढणीच्या माशांचा मुद्दा फार महत्त्वाचा, वर घालतो.

आता विहिरी. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी उतरतंच, बंधारा असो वा नसो. त्यामुळे "बंधाऱ्याआधी इतकं, नंतर इतकं" या मोजणीला काही अर्थ नाही. उतरण्याचा वेग मोजायचा आणि दोन विहिरींची तुलना करायची. एक बंधाऱ्यापासून शे-दीडशे मीटरच्या आत, खालच्या अंगाला. दुसरी तशाच उंचीवर, तशाच दगडात, पण ज्या पऱ्यावर बंधारा नाही त्याच्या काठची. दोन्हींवर साधारण सारखा उपसा हवा. पंपाची एक आणि रहाटाची एक अशी जोडी घेऊ नका.

पद्धत अशी: काठावर ऑइलपेंटने एक ठळक खूण. नेहमी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली. टेपच्या टोकाला ओळंबा बांधा, पाण्याला टेकला की टप् आवाज येतो, तिथे आकडा घ्या, वर उचला, परत सोडा. दोन आकड्यांत २ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंप सुरू व्हायच्या आधी. कठडा नसलेली विहीर यादीतूनच काढा.

एक वर्ष बंधारा न घालता नुसत्या दोन्ही विहिरी मोजल्या तर सोन्याहून पिवळं. पाचवीची मुलं मोजतील, तीच सहावीत गेल्यावर बांधतील. त्या वर्षभरात कळतं की दोन्ही विहिरी मुळात सारख्या उतरतात की नाही. हे न करता काढलेला निष्कर्ष कुणीही खोडून काढू शकतो.

साडेसहा तासांच्या कोड्याचं उत्तर: तळं एकदा भरून थांबत नाही. खाली मुरेल तेवढं वरून भरत राहतं, वहाळ आटेपर्यंत. मुरणं किती, हेही मुलांना ढोबळ काढता येतं. बेसाल्ट खडकात पाणी धरायची मोकळी जागा २ टक्क्यांच्या आसपास धरतात, जांभ्यात अडीच. सव्वाशे घनमीटर पाणी १ हेक्टरखाली सारखं पसरलं तर एरवी सव्वा सेंमीचा थर. पण खडकात शंभरातले दोनच भाग मोकळे, म्हणून पातळी ६२ सेंमी चढते. खडकात पाण्याला जागा कमी असते म्हणून विहीर लवकर भरते आणि लवकर आटतेही, हे एका गणितातून कळतं. अर्थात सगळं पाणी एका हेक्टरातच राहत नाही, बरंचसं खालच्या अंगाला निघून जातं. हेही सांगा.

---

माणदेशी

आमच्याकडे हे चालणार नाही हे लिहून ठेवतो, नाहीतर परिपत्रक आलं म्हणून माण-खटाव, सांगोल्याकडचे गुरुजीही पोती गोळा करत बसतील. इकडे पाऊस ४००-५०० मिमी, बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरात. ओढा मोठ्या पावसानंतर काही तास, फार तर काही दिवस वाहतो, आणि वाहतो तेव्हा पोती काय, बैलगाडी नेतो. नोव्हेंबरात तळ कोरडा. कशाला अडवायचं?

इकडे मुलांसाठी जास्त कामाचा प्रयोग मुरण्याचा. पत्र्याच्या डब्याचा तळ कापा (कडा मोठ्या माणसाने ठोकून बोथट करायच्या), ५ सेंमी जमिनीत दाबा, आधी एकदा पाणी भरून जिरू द्या, मग १० सेंमी पाणी भरून किती मिनिटांत जिरतं ते पाहा. चार ठिकाणी: शाळेचं मैदान, कडुलिंबाखाली, नांगरलेलं रान, चराई बंद असलेलं गवत. पहिलं पाणी मोजायचं नाही, कोरडी माती अधाशी असते, आकडा फसवा येतो. मैदान आणि गवत यांतला फरक बघून पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात.

दुसरं, गावात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याचे बरगे (गाळ्यांत पाणी अडवायला बसवायच्या फळ्या) मोजा. किती गाळे, किती बरगे हवेत, किती जागेवर आहेत, किती गंजलेत, रबर कितींना आहे, ऑक्टोबरात कधी बसवले. एका तक्त्यात भरून ग्रामसभेत मांडा. नवा बंधारा बांधण्यापेक्षा हे स्वस्त.

---

वहाळकाठ

माणदेशी, बरग्यांची कल्पना फारच आवडली. ती कोकणातही लागू आहे.

---

रानमोडी

एक शंका. आमच्या वाडीतला वहाळ कातळाचा आहे. पाया खणताच येत नाही. तिथे बंधारा टिकतो का?

---

सुतळी_दाभण

टिकतो, पण पाणी खालून जातं ही तक्रार तिथेच जास्त. आधी मऊ तळाचं सांगतो, मग कातळाचं.

वाळू-गोट्यांचा तळ असेल तर घट्ट थर लागेपर्यंत चर खणायचा, साधारण ३० सेंमी, पहिला थर त्या चरात बसवायचा. काठातही दोन्ही बाजूंना अर्धा मीटर घुसायचं. हे न केलेला बंधारा वरून झकास दिसतो. पाणी मात्र पायाखालून किंवा कडेने वाट काढतं, आणि एकदा वाट सापडली की ती रोज मोठी होते.

कातळावर: पाणी तात्पुरतं एका बाजूला वळवा, शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढा, भेगांत चिकण मातीचे गोळे दाबून भरा, मग पूर्ण पट्ट्यावर १०-१५ सेंमी कालवलेली चिकण माती थापून त्यावर पहिला थर. कोरडी माती नको, आणि कातळ ओला पाहिजे, नाहीतर माती धरत नाही. उंची ६० सेंमीच ठेवा. पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो: १ मीटर पाणी रुंदीच्या दर मीटरला ५०० किलोने ढकलतं, ६० सेंमी पाणी १८० किलोने. कातळावर घसरायला अडकण नसते, म्हणून हा फरक मोलाचा. जांभ्याचा कातळ भोकाभोकांचा असेल तर मात्र नाद सोडा.

चिकण माती ओळखायला: ओली करून पेन्सिलीएवढी वळकटी करा आणि तिचं कडं वळवा. तडा गेला नाही तर चालेल. वारुळाची माती लोक सुचवतील, चांगली असते, पण वारूळ फोडू नका. भातखाचराच्या बांधाची माती मालकाला विचारून घ्या. ५ मीटरच्या बंधाऱ्याला वरच्या अंगाला ३० सेंमी जाडीचा लेप म्हणजे दीड घनमीटर, अर्धा ब्रास. वीत-वीतभर थर टाकून ओला करून तुडवायचा. धुमस नसला तरी चालतं, चिखल तुडवायला चाळीस पोरं तयारच असतात.

---

वहाळकाठ

सांडव्याचं राहिलं. मधला दीड मीटर भाग एक थर खाली ठेवा. तिथून १० सेंमी जाडीचं पाणी गेलं तरी सेकंदाला ८० लिटर निघून जातं, अवकाळी सर आली तरी बंधारा वाचतो. सांडवा नसेल तर पाणी सर्वात ढिल्या कोपऱ्यातून, म्हणजे काठाजवळून उलटतं आणि माती कापत जातं. खाली जिथे पाणी पडतं तिथे चपटे दगड किंवा झापांची दुहेरी घडी.

आणि खालचा वहाळ कोरडा पडू द्यायचा नाही. तळं भरेपर्यंतही थोडी धार सुरू राहील अशी नळी तळाशी ठेवा, एक इंची पुरे. खालच्या वाडीची विहीर आणि खेकडे दोघांनाही ती लागते.

---

टाचणी

सुरक्षिततेवर कुणी बोललं नाही म्हणून.

पावसाळ्यानंतरचं वहाळाचं पाणी म्हणजे कोकणात लेप्टोची (उंदरांच्या मुतामुळे पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती. पायाला जखम, भेग, खरूज असलेलं मूल पाण्यात उतरवायचं नाही, त्याला वही द्या. गमबूट सगळ्यांना मिळत नाहीत, निदान पायात बंद चप्पल-बूट हवेत, आणि काम संपल्यावर साबणाने पाय. पुढच्या चार आठवड्यांत ताप आला तर "वहाळात उतरला होता" हे डॉक्टरांना सांगायचं, अशी चिठ्ठी पालकांना आधीच.

दगड, पालापाचोळा, पोत्यांचा ढीग आधी काठीने हलवायचा, मग हात. सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या केंद्रात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, केंद्र जवळ असणं आणि लस असणं या दोन वेगळ्या गोष्टी. १०८ चा क्रमांक फळ्यावर.

बंधारा झाल्यावर तिथे कमरेएवढं पाणी उभं राहतं, जिथे आधी घोटाभर होतं. बालवाडीतलं पोर तिथे जाणार हे धरूनच चला. काठावर फलक, आणि मोठ्या माणसाशिवाय मोजणीला जायचं नाही.

डास: अंड्यापासून डास व्हायला उबदार पाण्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा पांढऱ्या पळीने कडेकडेचं पाणी दहा ठिकाणी काढून अळ्या मोजायच्या. सांडवा वाहता असेपर्यंत फार सापडत नाहीत, वहाळ थांबल्यावर वाढतात. गप्पी सोडायचा सल्ला मिळेल. तो बाहेरचा मासा आहे, वाहत्या वहाळात सोडू नका. ओढ्यातले छोटे मासे आणि चतुरांच्या अळ्या बरंच काम करतात.

---

रानमोडी

धन्यवाद सुतळी_दाभण. आणखी एक: बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी पाझरतंच. किती पाझरलं म्हणजे काळजी करायची?

---

सुतळी_दाभण

किती यापेक्षा कसं ते बघा. काचेच्या पारदर्शक बाटलीत धरा आणि दहा मिनिटं ठेवा. स्वच्छ असेल तर पाझरू दे, पोत्यांचा बंधारा कधीच पाणीबंद नसतो. गढूळ असेल, तळाशी माती बसली, तर आतून माती धुपतेय. त्याच दिवशी वरच्या अंगाला त्या जागेसमोर चिकण मातीचे गोळे सोडायचे. गळती नेमकी कुठून ओढली जातेय ते कळत नसेल तर मूठभर भाताचा कोंडा पाण्यावर पसरा, तो जिथे फिरत खाली खेचला जाईल तिथे भोक. खालच्या अंगाला माती थापून काही होत नाही, पाणी तिला ढकलून देतं. बहुतेक लोक नेमकं तेच करतात.

---

जांभादगड

पोत्यांबद्दल टाचणी ताईंच्या अटी मान्य. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी. बंधारा काढणार कोण?

---

वहाळकाठ

हाच सर्वात अवघड भाग आहे, आणि हे बांधण्याआधी ठरवावं लागतं. दोन मार्ग दिसतात. वहाळ मार्चअखेर आटणारा असेल तर वार्षिक परीक्षा संपल्यावर, सुट्टी लागण्याआधीच्या दोन सकाळी मुलांसोबत काढायचा. मे महिन्यापर्यंत पाणी राहणार असेल तर मध्ये काढणं म्हणजे गुरांच्या तोंडचं पाणी काढणं. तिथे ग्रामपंचायतीशी बांधायच्या आधीच लेखी ठरवा, मेच्या शेवटच्या आठवड्यात कोण, किती माणसं. नुसतं तोंडी ठरलं की जून उजाडतो.

काढायचा क्रम: आधी सांडव्याचा भाग एक-एक थराने, पाणी हळूहळू उतरू द्या, एकदम फोडला तर खालच्या काठाची माती जाते. पोती जागेवरच रिकामी करून वाळू तळात पसरायची. पोतं चोळल्यावर हाताला धागे लागले तर ते बाद, पंचायतीच्या प्लास्टिक संकलनात. जाळायचं नाही. चांगली निघालेली वाळवून शाळेच्या माळ्यावर, अंधारात.

मागे गाळ साचलेला असतो. काढण्याआधी पाच ठिकाणी काठी खुपसून त्याची जाडी मोजा. हा गाळ परसबागेला चांगला, आणि वरच्या अंगाला माती किती धुपतेय याचा अंदाज त्यावरून येतो. शेजारच्या डोंगरउतारावर नवी काजूची लागवड, जेसीबीची खोदाई झाली असेल तर गाळात दिसतेच.

---

माणदेशी

वहीचे रकाने एकदा लिहून टाका सर, छापून घेता येतील.

---

वहाळकाठ

तारीख, वेळ, मोजणारे दोघे, बंधाऱ्याजवळच्या विहिरीची खोली (दोन वाचनं), दुसऱ्या विहिरीची खोली (दोन वाचनं), तळ्यातल्या खुणेच्या काठीवर पाणी, सांडवा वाहतो की थांबला, पायथ्याचं पाणी स्वच्छ की गढूळ, दहा पळ्यांतल्या अळ्या, आणि शेरा. शेवटच्या पानावर पोती: घातली, काढली, बाद.

---

रानमोडी

मोजायला गेल्यावर विहिरीवर पंप चालू असेल तर? आमच्याकडे वीज येईल तेव्हा लावतात, वेळ ठरलेली नसते.

---

वहाळकाठ

मग त्या दिवशी आकडा लिहायचा नाही. शेऱ्यात "पंप चालू" एवढंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं. मुलं रकाना रिकामा राहू नये म्हणून मागच्या आठवड्याच्या आकड्यात दोन सेंमी मिळवून भरतात. तो मोह फार मोठा असतो, म्हणून मोजणारी जोडी दर आठवड्याला बदला.